वाटेतला बट्टा

"आजी, खातं मॅडमचं आहे. तुम्ही तिकडे पंख्याखाली बसा ना," परकीय चलनाच्या टेबलामागचा तरुण अधिकारी मला म्हणाला. त्याच्या खिशावरच्या पट्टीवर 'बिराजदार' असे लिहिले होते. शेजारी माझी सून वैजयंती फॉर्म हातात धरून उभी होती.

मी बसले नाही.

"बिराजदार, बार्शीला मार्तंड पोतदार म्हणून एक गृहस्थ होऊन गेले. त्यांचे चिरंजीव नागनाथ पोतदार. नागनाथांचे चिरंजीव भगवंत पोतदार. आणि भगवंतांची मी थोरली लेक. तिघांनीही एकाच गादीवर बसून एकच धंदा केला. निजामाच्या हद्दीतला माणूस हाली रुपये घेऊन यायचा, त्याला इंग्रजी कलदार द्यायचे आणि मधला बट्टा घ्यायचा. एक नाणं देऊन दुसरं घेताना माणसाला नेमकं कुठं कापतात, ते बघायला मी आलेय. पंखा राहू द्या."

"आई, हळू," वैजयंती पुटपुटली.

"हळू कशाला? चोरी मी केलेली नाही."

रांगेतल्या दोघा-तिघांनी माना वळवल्या. बिराजदारने खुर्ची पुढे सरकवली. तेव्हा मी बसले.

ही हकीकत आहे २०१८ सालच्या हिवाळ्यातली, सांगलीतली. मी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होते. बँकेपर्यंत मला आणले होते एका जुन्या देण्याने. ते काय होते हे सांगितल्याखेरीज पुढचे कळायचे नाही.

बावीस वर्षांपूर्वी, माझ्या मुलाचे, श्रीधरचे लग्न होऊन पाच महिने झाले असताना, आमच्या सराफी पेढीवरचा एक कारागीर गिऱ्हाइकाचे सोने घेऊन रातोरात नाहीसा झाला. गिऱ्हाइकाच्या घरी आठ दिवसांवर लग्न होते. बोभाटा झाला असता तर आमची, वेदपाठकांची पेढी दुसऱ्या दिवशी उघडली नसती. मी नव्या सुनेला माजघरात बोलावले आणि तिच्या माहेरचे दागिने मागितले. तिने पाटल्या, गोठ, तोडे आणि चपलाहार काढून माझ्यासमोर ठेवले. मी ते वितळवले, गिऱ्हाइकाची वेळ निभावली आणि माझ्या वहीत स्वहस्ते लिहिले: वैजयंतीचे देणे, बारा तोळे.

ते देणे तसेच राहिले. कधी दुकानाचे छत, कधी श्रीधरचे आजारपण. तिने एकदाही आठवण केली नाही, आणि मी एकही दिवस विसरले नाही. शेवटी माझ्या वाट्याची बार्शीची जागा विकली गेली. पैसे हाती आले त्याच संध्याकाळी मी तिला म्हणाले, "उद्याच घडवायला टाकते. पाटल्यांची नक्षी कशी हवी सांग."

"सोनं नको, आई," ती म्हणाली. "द्यायचंच आहे तर माझ्या शेअर्सच्या खात्यात भरा."

ती महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. एका सहकारी बाईंचे पाहून तिने अमेरिकेतल्या कुठल्याशा दलाली कंपनीत खाते उघडले होते. तिथल्या कारखान्यांचे आणि संगणक कंपन्यांचे शेअर ती थोडेथोडे घेत असे. सोनाराच्या घरातली सून सोने नाकारते आणि डोळ्यांना न दिसणारा कागद मागते! मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. पण देणे ज्याचे, त्याने सांगितले तिथे ते पोचले पाहिजे. तिसऱ्या दिवशी मी विचारले, "कसं पाठवायचं?"

"तुम्ही माझ्या इथल्या खात्यात चेक भरा. मी बँकेतून डॉलर करून तिकडे पाठवीन. दुसऱ्याच्या नावाने पाठवलेले पैसे ती कंपनी घेत नाही. आणि आई, पाठवायचं तर सगळं एकदम पाठवू या."

"एकदम? सोनं कोणी एकदम घेतं का? गुरुपुष्यावर घ्यावं, तोळा तोळा."

"हे सोनं नाही, आई."

"देणं सोन्याचं आहे."

तिने मान हलवली. त्या घरात माझ्यापुढे दुसऱ्यांदा कोणी बोलत नसे.

त्याप्रमाणे ओळीने आलेल्या तीन गुरुपुष्यांवर तीन तोळ्यांचे पैसे गेले. प्रत्येक वेळी एकतीस हजार. तिसरे पोचल्यावर मी वैजयंतीला म्हणाले, "पोच दाखव." ती टाळू लागली. मी हात पुढे केला. तिने मोबाइल दिला. पहिल्या तोळ्याचे तिकडे जमा झाले होते तीनशे अठ्ठ्याण्णव डॉलर, दुसऱ्याचे तीनशे शहाण्णव, तिसऱ्याचे चारशे एक. त्या दिवसांत डॉलर एकाहत्तर रुपयांना होता; वर्तमानपत्रात रोज छापून येई. एकतीस हजारांचे चारशे छत्तीस व्हायला हवे होते. मी तीन तोळे पाठवले आणि पोचले पावणेतीन! पाव तोळा सोने वाटेत कोणी खाल्ले?

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दिलेत, मला पोचलं. माझ्या दृष्टीने तीन तोळे फिटले, आई."

"तुझ्या दृष्टीने फिटून चालत नाही!" मी ओरडले. "माझ्या वहीत फिटलं पाहिजे."

म्हणून मी दुसऱ्या दिवशी बिराजदारसमोर बसले होते.

"आमचं शुल्क फक्त पाचशे रुपये आहे, आजी. अधिक जीएसटी. बाकी काही नाही. बघा, पावतीवरच आहे," तो मोठ्या अभिमानाने म्हणाला.

"ते मी पाहिलं. भाव कोणता लावलात?"

"त्या दिवशीचा."

"कुठला त्या दिवशीचा? बाजारात एकाहत्तर होता."

त्याने पडद्यावर पाहिले. "आमचा... बहात्तर साठ होता."

"म्हणजे डॉलरमागे एक रुपया साठ पैसे. शंभराला सव्वादोन. हे पावतीवर कुठे आहे?"

"ते शुल्क नाही, आजी. तो भाव आहे."

"अहो, आमच्या सराफ कट्ट्यावर 'मजुरी माफ' अशी पाटी लावणारे चार जण मी दाखवते. मजुरी ते भावातच घालतात. माझे वडील पाटीवर खडूने बट्टा लिहून गिऱ्हाइकासमोर ठेवत. पटला तर द्या, नाही तर नाणं उचला. तुमची पाटी कुठे आहे?"

बिराजदारने घसा खाकरला. मुलगा वाईट नव्हता. मला पुढे कळले की आदल्याच महिन्यात त्याची इथे बदली झाली होती, आणि एवढे विचारणारे गिऱ्हाईक त्याला अजून भेटले नव्हते.

"शिवाय," मी म्हणाले, "तुमचा भाव धरून, शुल्क कापूनसुद्धा चारशे अठरा निघायला हवेत. पोचले तीनशे अठ्ठ्याण्णव. वीस डॉलर कोणी घेतले?"

"ते आम्ही नाही घेतले. मधल्या बँकेनं घेतले असतील. आपले पैसे थेट जात नाहीत, मध्ये एक परदेशी बँक असते. ती आपला हात मारते... म्हणजे आपलं शुल्क घेते."

"दर खेपेला?"

"दर खेपेला. तुम्ही एक तोळा पाठवा नाही तर शंभर पाठवा, वीसच." मग त्याने वैजयंतीकडे पाहून अत्यंत निरागसपणे विचारले, "मॅडम, तुम्ही एवढे थोडे-थोडे का पाठवता पण? एकदम पाठवलं असतं तर हे तीनदा गेलंच नसतं."

वैजयंतीने माझ्याकडे पाहिले नाही. ती समोरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात जे होते ते हसू होते असे मी शपथेवर सांगणार नाही.

"मुहूर्त होते," मी म्हणाले.

"काय?"

"काही नाही. पुढचं बोला. हे कापणं कमी कसं करायचं?"

आता त्यालाही हुरूप आला. त्याने कोरा कागद ओढला. एक तर राहिलेली सगळी रक्कम एकाच खेपेत पाठवायची. दुसरे, फॉर्मवर एक चौकोन असतो. तिथे 'वाटेतला सगळा खर्च पाठवणाऱ्याचा' अशी खूण केली की मधल्या बँकेचे शुल्क इथेच वेगळे भरता येते आणि तिकडे रक्कम पुरती पोचते.

"ही खूण तीन खेपांना का केली नाही?"

"कोणी विचारलं नाही," तो म्हणाला.

"आणि भाव?"

"भाव..." त्याने आवाज उतरवला. "हा फळ्यावरचा भाव असतो, आजी. सगळ्यांना तोच. पण रक्कम तीन लाखांच्या वर असली तर मी मुंबईला आमच्या चलन विभागात फोन करून वेगळा भाव मागू शकतो. तो बाजाराच्या जवळ असतो. तीन लाखांच्या आत मला अधिकार नाही."

राहिलेले नऊ तोळे, म्हणजे दोन लाख एकोणऐंशी हजार. आधीच्या तीन खेपांत वाटेत गेलेले आठ हजार दोनशे मी भरून देणार होतेच. एकूण दोन लाख सत्त्याऐंशी हजार दोनशे. पावणेतेरा हजार कमी!

"करा हो फोन. पावणेतेरा हजारांनी काय होतंय?"

"नाही होत, आजी. संगणकच घेत नाही."

"संगणकाला माझं नाव सांगा."

एवढ्यात घड्याळात दोन वाजले आणि बिराजदारने टेबलावर पाटी उभी केली: जेवणाची सुट्टी. मी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने पाटी जरा तिरकी केली; पण डबा काढलाच.

आम्ही दोघी लॉकरच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. वैजयंतीने पिशवीतून थालीपीठ आणि दही काढले.

"असं कर," मी म्हणाले. "पावणेतेरा हजार तू तुझे घाल. तीन लाख पुरे होतील, भाव नीट मिळेल. तुझेच पैसे तुझ्याच खात्यात जातात, तुझं काही जात नाही."

वैजयंतीने थालीपीठाचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

"माझे कशाला घालायचे, आई? अजून तुमच्याकडूनच येणं आहे."

"कसलं येणं? नऊ तोळे धरले. वाटेतले आठ हजार धरले."

"दागिने बारा तोळ्यांचे नव्हते."

"मी माझ्या हातानं वजन केलं होतं."

"मी समोर उभी होते. काटा साडेतेरावर थांबला होता. तुम्ही म्हणालात, घट धरून बारा. आणि वहीत बारा लिहिलंत."

मला ती दुपार आठवली नाही असे म्हणणे खोटे ठरेल. काटा मला लख्ख आठवला.

"घट सगळेच धरतात," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. लॉकरवाल्या बाईने दारातून डोकावून पाहिले. "जुन्या दागिन्यात सांध्याचा डाख असतो, पोकळीत लाख असते. मोडीत घेताना वजा करायची असते. सराफ कट्ट्याची रीतच आहे ती!"

"बँकेचीही रीतच आहे, आई."

ती हे टोमण्याने म्हणाली असती तर मला सोपे गेले असते. तिने ते, वर्गात एखादे उदाहरण सोडवून दाखवावे, तसे सांगितले.

"ते दागिने माझ्या बाबांनी घडवले होते," ती पुढे म्हणाली. "तुम्हांला ठाऊक आहे. सोलापुरात महामुनींच्या कामात लाख भरलेली कोणी दाखवून द्यावी. पाटल्या भरीव होत्या. मी पाठवणीला निघाले तेव्हा त्यांनी माझ्यासमोर वजन केलं आणि म्हणाले, साडेतेरा आहे, लक्षात ठेव. माझ्या लक्षात राहिलं."

"त्यांना सांगितलंस?"

"दागिने दिल्याचं सांगितलं. बारा लिहिल्याचं नाही सांगितलं. त्यांच्या हातच्या कामात घट धरली, हे कळलं असतं तर ते पुन्हा आपल्या घरी जेवले नसते."

बावीस वर्षांत महामुनी आमच्याकडे किती वेळा जेवले असतील! मी वाढायला पुढे असे. ते ताटावरून माझे कौतुक करत.

"म्हणून सोनं नको म्हणालीस?" मी विचारले.

दह्याच्या डब्याचे झाकण तिने दोनदा बसवले.

"आई, सोनं घरात आलं असतं तर ते घराचंच झालं असतं. उद्या दुकानाला पुन्हा अडचण आली असती, मी पुन्हा काढून दिलं असतं. तुम्ही मागितलं असतं तर मला नाही म्हणता आलं नसतं. तिकडे आहे ते माझ्या नावावर आहे. ते वितळत नाही. तिथं ताजवा घेऊन कोणी जात नाही."

मी उठले. पाटी तिरकी होतीच; ती मी आडवी केली. बिराजदारच्या तोंडात घास होता.

"सावकाश जेवा. पण मी सांगते ते ऐका. रक्कम तीन लाखांच्या वर गेली."

"म्हणजे मॅडमनी घातले?"

"मॅडमनी काही घातलेलं नाही. मी मोजण्यात चूक केली होती. फॉर्मवर रुपये लिहू नका, डॉलर लिहा. चार हजार सातशे. तिकडे चार हजार सातशेच पोचले पाहिजेत. इथं त्याला रुपये किती लागतात, ते मी बघेन. आणि तो चौकोन? वाटेतला सगळा खर्च माझा."

राहिलेले नऊ तोळे, वरचा दीड, आणि तीन खेपांत वाटेत गेलेले आठ हजार दोनशे: तीन लाख तेहतीस हजार सातशे रुपये. एकाहत्तराने भागा. मी बाकापासून टेबलापर्यंत येईतो भागले होते.

बिराजदारने हात धुऊन मुंबईला फोन लावला. तिकडून पहिला भाव आला एकाहत्तर साठ.

"नको म्हणावं," मी म्हणाले.

"आजी, फळ्यापेक्षा रुपयानं कमी आहे!"

"फळ्यापेक्षा किती, ते मी विचारलं नाही. बाजारापेक्षा किती? अजून साठ पैसे वर आहे. त्यांना सांगा, कोपऱ्यावरच्या दुसऱ्या बँकेत मी सकाळीच विचारून आलेय, तिथं चाळीस पैसे म्हणतात."

तिथे मी खरोखरच विचारून आले होते. त्याने सांगितले. तिकडून पंचेचाळीस आला. मी मान हलवली. तिकडचा माणूस वैतागल्याचे मला फोनबाहेर ऐकू येत होते. चौथ्यांदा बिराजदारने फोनवर हात ठेवला आणि अक्षरशः हात जोडले.

"एकाहत्तर वीस. शेवटचा. यापुढं ते फोन ठेवतील आणि माझी नोकरी जाईल."

"द्या. वीस पैसे त्यांच्या मजुरीचे. तेवढे मी समजू शकते. नोकरी टिकवा."

मी वैजयंतीच्या नावाने चेक लिहिला: डॉलरचे रुपये, बँकेचे शुल्क, जीएसटी आणि मधल्या बँकेचा खर्च धरून. चेक माझ्याच शाखेचा होता. तिथल्या तिथे वळता झाला. फळ्यावरच्या भावाने गेले असते त्यापेक्षा साडेसहा हजार वाचले होते. बिराजदारने वैजयंतीच्या सह्या घेतल्या. फुल्या केलेल्या जागी तिने आठ सह्या केल्या. दर सहीला मी फॉर्म वाचून मगच पुढे सरकवला, त्यामुळे तिथे पावणेचार वाजले.

"आज कुठला मुहूर्त आहे, आजी?" बिराजदारने निघताना विचारले. थोडे धाडस त्याच्यात आले होते.

"सोमवार आहे. अमावास्या आहे," मी म्हणाले. "जाऊ द्या पैसे."

रात्री मी जेवले नाही. श्रीधरने बरे नाही का विचारले. मी त्याला झोपायला सांगितले. मंगळवार गेला, बुधवार गेला. मी वैजयंतीला दर दोन तासांनी विचारत होते आणि ती दर वेळी मोबाइल उघडून दाखवत होती. या घरात इतक्या धीराने मला कोणी कधी उत्तर दिले नव्हते, आणि इतक्या अधीरतेने मी कोणाला काही विचारलेही नव्हते.

गुरुवारी सकाळी ती कॉलेजला जायला निघाली होती. दारातून मागे आली आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. मी चष्मा लावून वाचले. जमा: चार हजार सातशे डॉलर, शून्य सेंट.

मी ते तीनदा वाचले. मग म्हणाले, "सोलापूरला फोन लाव."

"आई, राहू द्या. ते आता शहाऐंशीचे आहेत. त्यांना काही ठाऊक नाही, आणि—"

"लाव म्हणते ना."

तिने फोन लावून माझ्या हातात दिला. महामुनींना ऐकू कमी येई. मला दोनदा नाव सांगावे लागले.

"महामुनी, तुमच्या लेकीचे दागिने मी मोडले होते, ते तुम्हांला माहीत आहे. साडेतेरा तोळे होते. भरीव होते, लाखेचा कण नव्हता. मी घट धरून बारा लिहिले होते. तुमच्या कामात घट धरायला नको होती. मी धरली."

वैजयंती भिंतीला टेकून उभी होती. तिच्या हातात चपला होत्या. त्या घालायचे ती विसरली होती.

"मग?" महामुनींनी विचारले.

"आज साडेतेरा पुरे पोचते केले. ती म्हणाली तिथं."

"ती म्हणाली तिथं म्हणजे?"

"अमेरिकेला."

"अमेरिकेला!" म्हातारा खोकला. मग सोनाराने जे विचारायचे तेच त्यांनी विचारले. "एवढ्या लांब? वाटेत घट किती गेली?"

"गेली थोडी. ती मी वरून भरली. तिच्या सोन्यातून काही गेलं नाही."

"मग फिटलं, विहीणबाई," ते म्हणाले. "तिला फोन द्या."

मी फोन वैजयंतीच्या हातात दिला आणि माजघरात जाऊन वही काढली. साडेतेरा लिहिले, त्याखाली साडेतेरा लिहिले, आणि रेघ ओढली.